समुद्राकडचं मूळ

मानाबे-सान कॅलेंडर बघत नाहीत.
काळ्या पाइनच्या शेंड्यावरची कळी चिमटीत धरतात,
जराशी दाबतात,
आणि म्हणतात, "आज."

किनाशी गावात पाइनच्या ओळी असतात
जशा दुसरीकडे कांद्याच्या.
माझ्या वाट्याला आली सहा वर्षांची बावीस रोपं.
त्याआधी मी तिकिटं फाडत होते बोटीच्या धक्क्यावर;
फाडण्यात हात तयार होता,
सोडवण्यात नव्हता.

कुंडी आडवी, मातीचा गड्डा बाहेर.
बांबूच्या काडीनं कडेकडेनं विंचरायचं.
"शाळेला उशीर झालेल्या पोरीचे केस समज," ते म्हणाले,
"उशीर तिला झालाय, तुला नाही."
मुळांभोवती पांढरी बुरशी, ओल्या लाकडाचा वास.
मी ती झटकायला गेले तर हातावर चापट.
"ती या घरची स्वयंपाकीण आहे."

अर्धी माती यंदा. उरलेली अर्धी दोन वर्षांनी.
सगळं एकदम उघडं केलं तर पाइन रुसतो,
आणि त्याचा रुसवा कळतो
तो मेल्यावर.

मग सोटमूळ.
करंगळीएवढं जाड, सरळ खाली गेलेलं,
वरच्या कुणाशी काही देणंघेणं नसल्यासारखं.
ते कापलं. सुपारी फुटावी एवढाच आवाज.
खाली कौलाचा तुकडा ठेवला
म्हणजे पुन्हा कुणी खाली धाव घेणार नाही,
आणि उरलेली मुळं त्यावर पसरली,
जमिनीवर हात टेकून उठणाऱ्या माणसाच्या बोटांसारखी.
एकावर एक चढलेलं असेल त्यातलं एक काढायचं.
कुठलं, ते विचारायचं नाही.
मी विचारलं.
"ज्याची तुला दया येतेय ते."

अकरावं रोप.
तीन बाजूंना छान मुळं,
समुद्राकडच्या बाजूला एकच,
तेही शेजाऱ्याकडे कललेलं.
म्हटलं, जरा वळवू, खुंटीनं अडकवू, जागा भरेल.
जरा वळवलं.
अजून जरा.

तुटल्यावर त्याच्या टोकाला डिंक आला,
थेंबभर, पारदर्शक.
मानाबे-सानांनी बघितलं आणि ते हात धुवायला गेले.
दुपारी उदोनच्या वाडग्यात
सेत्सुयो-सानांनी मला दुसरं अंडं फोडून घातलं,
म्हणजे स्वयंपाकघरापर्यंत बातमी पोचली होती.

जेवणानंतर ते एक वर्षभराचं पिल्लू घेऊन आले,
सुईच्या झुपक्याएवढं.
त्याची साल एका अंगानं खरवडली,
बुंध्याची साल तेवढीच खरवडली,
जखमेला जखम लावून पट्टीनं आवळलं.
याची मुळं आता त्याची व्हायची होती.
"लागेल?"
"दहातली चार लागतात."
"आणि बाकीची सहा?"
ते कौलाचे तुकडे मोजत राहिले.

दोन वसंत गेले.
पट्टी सोडली तेव्हा पिल्लू अलगद माझ्या हातात आलं,
हिरवंगार, स्वतःच्या मुळांवर,
दोन वर्षं खेटून राहून
अजिबात न जुळलेलं.
मला हसू आलं; त्यांना आधी आलं असावं.
त्याला वेगळी कुंडी दिली.
तेविसावं.

अकराव्याची ती बाजू तशीच, बोडकी.
जुन्या जखमेच्या कडेला एक धागा दिसला,
मूळ म्हणावं की न म्हणावं असा.
मी भिंग आणायला धावले.
तोवर त्यांनी दोन बोटांनी कुंडी फिरवली,
अर्ध्या वर्तुळाला थोडी कमी.
"झाडाला पुढची बाजू असते," म्हणाले,
"म्हणजे मागचीही असणारच."

समोरून आता काही कळत नाही.
बघायला येणारे वाकतात, बुंध्याच्या पायथ्याशी
बोटं फाकवून धरलेली जमीन बघतात,
भाव विचारतात.

मी झारी उचलते
आणि पाणी घालायला
मागून सुरुवात करते.